मुक्तामायची भुई

“भुई उकरायची असंल तर आधी मला उकरा,” असं म्हणून मुक्तामाय उंबऱ्यातच बसली. पाय पसरून, दोन्ही हात चौकटीला लावून. मांजराला आत जायलाही वाट ठेवली नाही.

अंगणात तिघं उभे होते. बद्रीनाथ पाटील, शाळेचे भीमाशंकर पंतोजी आणि खांद्यावर टिकाव घेतलेला तात्याबा. तीन बाप्ये, पण पाऊल पुढं टाकायची एकाचीही छाती नव्हती. मुक्तामायची जीभ साऱ्या सावरगव्हाणला ठाऊक. लिंबागणेशच्या जत्रेत एका दलालानं बैलाचं वय चोरलं, तर तिनं त्याला असा झोडपला की पाणी पिऊन येतो म्हणून गेलेला तो माणूस बैल घ्यायलाही परत आला नाही. आणि झोडपला तो नुसत्या बोलण्यानं.

“माय, ऊठ. बीडाहून हुकूम हाय,” पाटील म्हणाले. “ज्या घरात उंदीर पडले त्येचं माळवद उघडायचं, हातभर भुई उकरायची, माती गावाभाईर नेऊन जाळायची. मंग चुना. त्याबिगर शाळा बसवायची न्हाई.”

“हुकूम देनाऱ्यानं कदी सारवली व्हती का ही भुई? आन् तुझ्या घरात न्हाई पडले का रं उंदीर, बद्री? तुझी उकरली का?”

“उकरली की. वरवर.”

“वरवर! तुझ्या बायकूनं कोंबडीगत उकरली, मला म्हाईत न्हाई व्हय? न् माझी मातुर हातभर!”

पाटील जरा वरमले. पण बोलायचं ते बोलले. “माझ्या घरात आमी चौघं निजतो, माय. हितं गावाची पोरं बसत्यात.”

मुक्तामाय पदर तोंडात धरून दुसरीकडं बघायला लागली.

तेव्हा तात्याबा बोलला. आजवर तो तिला ‘माय’ म्हणत आलेला. आज म्हणाला, “मुक्ताबाई, तुझ्या घरानं माझं पोरगं खाल्लं. ही भुई पाक होईस्तोवर माझा धाकटा हितं पाय ठिवायचा न्हाई. कुनाचाच ठिवायचा न्हाई.”

टिकाव तसाच खांद्यावर ठेवून तो निघून गेला. त्याच्या मागं पाटील गेले. पंतोजी तेवढे थांबले. जातीचा जंगम माणूस, बोलणं हळू, कपाळावर भस्माचे पट्टे. ते म्हणाले, “मुक्ताबाई, मला गेवराईकडचं बोलावणं आलंय. मी चैत्रभर वाट बघतो. पण त्या भुईवर मी पोरं बसवणार नाही. एक गेलं माझ्यासमोर. दुसऱ्याच्या बापाला मी तोंड दाखवू शकणार नाही.”

“जावा,” मुक्तामाय म्हणाली. “ज्याला त्याला जायाचंच हाय.”

ते गेले, तरी ती उंबऱ्यातून उठली नाही.

संवत छप्पन्नच्या दुष्काळाला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. त्या दुष्काळानं मुक्तामायचा नवरा नेला आणि तिसरं लेकरू नेलं. आधीची दोन देवीच्या साथीत गेलेली. उरला एक राधाकिशन. त्याला तिनं हुलग्याच्या कण्या न् रानातला पाला शिजवून जगवला. वाढला, मिसरूड फुटलं, आणि मागल्याच्या मागल्या दसऱ्याला गाडीवानांबरोबर जालन्याला गेला. तिथं कापसाच्या जिनिंगात हात पाहिजे होते. जाताना म्हणाला, “माय, दोन सालं काढतो. मंग बैल घिऊन येतो.” ती म्हणाली, “बैल नगं, तू ये.” कुणाशी गोड बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून हे तिनं पाठमोरी होऊन सांगितलं.

तो गेल्यावर दोन खणांचं पुढचं घर रिकामं झालं. रिकाम्या घराला तोंड असतं, ते रात्रंदिवस बोलत बसतं. म्हणून तिनं ते शाळेला दिलं आणि आपण मागच्या छपरात राहू लागली. भाडं काही नाही. दर सोमवारी पोरांनी शेणाची पाटी आणायची, आणि ती सारवणार. तिचं सारवण असं की पोरं भुईवर सांडलेली शाई जिभेनं पुसायला तयार व्हायची. बीडचा सरकारी मदरसा उर्दूतला, आणि कोसांवर. गावात मोडीचा कागद वाचणारं पोर निघालं ते याच दोन खणांतून.

मग कार्तिकात पलेग आला. पहिला उंदीर पडला तो शाळेतच. पोरं पाढे म्हणत होती. एक उंदीर खांबाच्या बुडातून निघाला, ताडी प्यालेल्यासारखा दोन गिरक्या खाल्ल्या आणि पोरांच्या रांगेत उताणा पडला. पोरं हसली. तात्याबाचा थोरला, गहिनीनाथ, मोठा धीट. त्यानं शेपटीला धरून उचलला, सगळ्यांना दाखवला आणि कुंपणापलीकडं भिरकावला. चार दिवसांत त्याच्या काखेत गाठ आली.

त्या आठवड्यात गाव उठलं. लोक रानात खोपी घालून राहिले. तिथंही माणसं मेलीच, पण कमी. शिमग्याला, ऊन तापल्यावर, गाव परत आलं. चुली पेटल्या, मारुतीला दिवा लागला. बंद राहिली ती एकटी शाळा. देवळात बसावं तर गाभाऱ्याशिवाय छप्पर नाही, वाण्याच्या वखारीत बसावं तर ते उंदरांचं माहेर, लिंबाखाली बसावं तर पावसाळा तोंडावर. फिरून गाडं मुक्तामायच्या दारात.

त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी वाण्याची नीलम्मा आली. दोघी एकाच साली या गावात लग्न होऊन आलेल्या. तेव्हापासून रोज भांडत होत्या आणि एकमेकींवाचून त्यांना एक दिवस करमत नव्हतं. नीलम्मा चौथऱ्यावर टेकली, गळ्यातलं लिंग सारखं केलं आणि म्हणाली, “बाप्यांना येड्यात काडलंस. मला न्हाई काडायचं. कावून अडून बसलीस, ते सांग.”

“माझी भुई. माझी मर्जी.”

“भुई कसली घिऊन बसलीस? तू काय तिच्यावर निजतीस? मागं छपरात तर ऱ्हातीस.”

नीलम्मानं उंबऱ्याच्या आत नजर टाकली. खांबापलीकडच्या कोपऱ्याकडं. तिथं पूर्वी तट्ट्याचा आडोसा असायचा, बाळंतिणीची बाज असायची. नीलम्मा स्वतः त्या बाजेशेजारी बसली होती, एकदा नव्हे, चारदा. तिच्या ध्यानात आलं.

“नाळ,” ती म्हणाली.

“चौघांचीबी हाय तितं,” मुक्तामाय म्हणाली. “बोळक्यात घालून, हळदी-कुंकू, सुपारी टाकून, मी माझ्या हातानं पुरली. तिघांचं जाऊ दे, त्ये गेले. राध्याचं हाय ना. खांबाजवळचं शेवटचं त्येचं हाय.”

“मंग काडून रानात पूर.”

“नाळ एकदाच पुरत्यात, बाई. हलवली की लेकरू हलतं. तुमच्यात न्हाई का म्हनत?”

“म्हनत्यात,” नीलम्मा म्हणाली. “राध्याचा काही सांगावा?”

“कुटला सांगावा! शहागडच्या उताराला पलेगची चौकी बसलीय. गोदेपलीकडची गाडी अलीकडं येऊ देत न्हाईत. धोंडीराम गाडीवान दिवाळीच्या आधी गेलता, तो बी तिकडंच अडकलाय. जालन्यात लई माणसं मेली म्हनं. मला त्येचं कायबी ठावं न्हाई, नीलम्मा. माझ्याकडं त्येचं असं काय हाय? ही चार बोटं माती हाय. ती बी उकरू?”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते आपल्याला दिसलं हे तिला कळू नये म्हणून नीलम्मा मुद्दाम फणकारली. “माझी दोन नातवंडं गुरांमागं हिंडत्यात. शिव्या शिकल्यात. परवा धाकटा माझ्याच लेकाला म्हनला, चल बे! ते तुझ्या राध्याच्या नाळंपायी, व्हय?”

“व्हय. त्येच्याचपायी. गावाला सांग जा.”

नीलम्मा पदर झटकून उठली. पण तिनं गावाला सांगितलं नाही.

चैत्र अर्धा सरला. मुक्तामाय एक दिवस दुपारी छपरात तूर भरडत होती. जातं थांबवून मूठ घालायला वाकली, तर पुढच्या बंद घरातून खुसखुस ऐकू आली. तिला वाटलं उंदीर. मग कुणीतरी हसलं. उंदीर हसत नाहीत.

घराच्या मागच्या भिंतीतल्या खिडकीची एक फळी निसटली होती. वयानं ती आत शिरू शकत नव्हती. पण फटीला डोळा लावता येत होता.

आत नीलम्माची दोन्ही नातवंडं होती, पाटलाचा पोर होता, आणखी दोघं होती. माळवदाच्या सवण्यातून, छताच्या भोकातून, ऊन पडलं होतं, त्या उजेडात त्यांचा खेळ चालला होता. दोन काठ्यांवर गोणपाट टाकून तिरडी केलेली. तिच्यावर एक पोरगं डोळे मिटून निजलेलं, पण हसू दाबता येत नव्हतं म्हणून त्याचं पोट हलत होतं.

“गप ऱ्हा की! मेलेलं हसतंय का?” पाटलाचा पोर म्हणाला. “पुन्यांदा. आता तू गहिनी हो. न् तू तात्याबा, तू बोंब मार.”

आणि नीलम्माच्या धाकट्या नातवानं खरंच तात्याबासारखी बोंब मारली. हुबेहूब. त्या दिवशी तात्याबानं लेकराला मांडीवर घेऊन मारलेली, तशीच. मग सगळी त्या खांबाजवळच्या भुईवर पडून लोळून हसायला लागली.

मुक्तामायनं फटीतून हाक मारली ती गावाच्या वेशीपर्यंत गेली असेल. पोरं फटीतून सटासट बाहेर आली. एकेकाला तिनं खराट्यानं झोडपलं, विहिरीवर नेलं, अंगावरचे कपडे काढायला लावले आणि डोक्यावर पोहरे ओतले. रडणाऱ्याला आणखी एक ओतला.

“त्या घरात पाय ठिवायचा न्हाई म्हनून सांगितलंय ना? कवापासनं जाताय?”

“रोज,” पाटलाचा पोर तोंडावरचं पाणी पुसत म्हणाला. “तितं कुनीच येत न्हाई ना. म्हनून.”

पोरं पळाली. मुक्तामाय विहिरीच्या काठावर ओल्या लुगड्यानं बसून राहिली. तिनं दाराला कडी घातली होती, आणि पोरं तीच भुई रोज लोळून वापरत होती. तिनं राध्याची माती सांभाळली म्हणत म्हणत काय सांभाळलं होतं, ते तिला दिसलं. वाईट दिसलं.

ती उठली आणि तशीच ओलेत्यानं तात्याबाच्या दारात गेली. तो गोठ्यात वैरण टाकत होता.

“टिकाव घिऊन ये,” ती म्हणाली. “कोपरा तेवढा मी उकरीन. त्याला तू हात लावायचा न्हाई.”

तात्याबानं वैरण तिथंच टाकली आणि टिकाव खांद्यावर घेतला.

आधी माळवद उघडलं. वरची पांढरी माती ओढून काढली, फळ्या सोडवल्या, आणि घर उभं राहिलं टोपी काढलेल्या माणसासारखं. जन्मात ऊन न पाहिलेल्या भिंती दिवसचे दिवस तापत राहिल्या. फळ्यांतल्या दोन मोडल्या, त्या नव्या घालायला तिनं परड्यातली बाभूळ तोडू दिली. ती बाभूळ राध्यानं लहानपणी शेळीपासून वाचवलेली. पण आता एकाला हो म्हटल्यावर दुसऱ्याला नाही कशाला म्हणायचं?

मग भुई. तात्याबा दाराकडून खणत आत येत होता, माती पाटीत भरून बाहेर नेत होता. मुक्तामाय कोपऱ्यात खुरपं घेऊन बसली होती. इतक्या वर्षांच्या सारवणाचे पापुद्रे निघत होते, एकाखाली एक, भाकरीच्या पदरासारखे. मधेच एखाद्या पदराला शाईचा डाग, एखाद्यात पोराच्या पायाचं बोट. गहिनीनंतर ते दोघं एका छपराखाली पहिल्यांदाच एवढा वेळ होते, आणि आता त्या घराला छप्परही नव्हतं.

पहिलं बोळकं निघालं. थोरलीचं. तोंडावरची खापरी जागेवर होती. आत काळी माती, आणि वाळून मणी झालेली सुपारी. तिनं ते सुपात ठेवलं. दुसरं निघालं. तिसरं निघालं. तिन्ही शाबूत. तिघं जगली नाहीत, पण त्यांची बोळकी मात्र कुणी धक्का न लावता तशीच राहिली होती. देवाचा हिशेब असाच उफराटा.

चौथ्याशी येताना खुरपं एकदम आत गेलं. माती पोकळ होती. भिंतीच्या बुडातून एक बीळ आलं होतं, तिन्ही बोळक्यांना वळसा घालून सरळ खांबाकडं गेलेलं. मुक्तामायनं खुरपं टाकलं आणि हातानं माती सारली.

राधाकिशनचं बोळकं एका अंगानं फुटलेलं होतं. आत उंदरानं घर केलं होतं. भुसा, पोरांच्या बस्करांचं सुताडं, कागदाची कातरणं. त्या मऊ गादीवर एक उंदरीण वाळून चिपाड झालेली, आणि तिच्या पोटाशी पिलं. सुपारी कुरतडून अर्धी राहिलेली. बाकी काही नाही.

मुक्तामाय हलली नाही.

तात्याबा पाटी घेऊन आला, तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि पाटी खाली ठेवली. तो बायकांच्या गोष्टीतला नव्हता, पण सुपातली तीन बोळकी आणि हे चौथं पाहून त्याला सांगावं लागलं नाही.

ती म्हणाली, “तुझा गहिनी कुटं बसायचा रं?”

तात्याबानं खांबाकडं बघितलं. “हितंच. ह्याच खांबाला पाठ लावून.”

“मंग त्यो उंदीर हितनंच निघाला.”

“माय...”

“माझ्या राध्याच्या नाळंतनं निघाला. तू म्हनलास ते खरंच झालं. माझ्याच घरानं खाल्लं तुझं पोरगं.”

“न्हाई, माय. आसं म्हनू नगंस.” तात्याबा तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याच्या हातांची माती त्याच्या धोतराला लागत होती. “मी म्हनलो ते रागात म्हनलो. उंदराला काय कळतं, कुनाचं काय हाय ते? त्येला ऊब पायजे. पोकळ जागा घावली, घुसलं. राधाकिसनाला कायबी झालं नसंल. तू मनात आनू नगंस.”

“माझ्या मनात काय येतं ते मला सांगू नगंस,” ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, धारेचा. पण हात फुटक्या बोळक्याच्या कडेवरून फिरत होता, लेकराच्या टाळूवरून फिरवावा तसा.

तीन बोळकी ती रानात नेऊन पुरू शकली असती. कोण बघायला आलं होतं? तात्याबानं मान वळवली असती. पण संध्याकाळी पांदीच्या तोंडाशी काटक्या रचून ती माती जाळली, तेव्हा मुक्तामाय सूप घेऊन गेली आणि चारही त्या जाळात ठेवली. एकेक. फेकली नाहीत.

“ही कावून गं?” नीलम्मा हळूच म्हणाली. “ही तर धड व्हती.”

“शाळंची भुई म्हनल्यावर शाळंची,” मुक्तामाय म्हणाली. “त्यातलं माझं म्हनून एक ठिवलं, तर उद्या प्रत्येकजन आपआपलं ठिवंल. बद्रीच्या बायकूचं तर तुला म्हाईतच हाय.”

जाळ मोठा झाला. नीलम्मानं तिच्या पाठीवर हात ठेवला, तर तिनं तो झटकला नाही. यावरून नीलम्माला कळलं, राध्याचं बोळकं कसं निघालं असेल ते.

नवी माती रानातून आली, चिकट, पिवळी. गावातल्या बाया चोपणी घेऊन आल्या आणि दोन दिवस भुई चोपली. आपल्या घरात वरवर उकरणाऱ्याही आल्या, आणि त्यांनी जरा जास्तच जोरानं चोपलं. माळवद पुन्हा चढलं, नीलम्माच्या घरून चुना आला. शेवटचं सारवण मुक्तामायनं एकटीनं केलं. खांबाजवळ येईपर्यंत तिचा हात एका लयीत चालत होता. तिथं आल्यावर थांबला. मग तिनं तिथंही तसाच हात फिरवला, कमी नाही, जास्त नाही.

अक्षयतृतीयेला शाळा बसली. पंतोजींनी नवे नेम घातले होते. प्रत्येकानं आपलं बस्कर घरून आणायचं आणि घरी न्यायचं, आपलं पाणी आपल्या तांब्यात आणायचं, एकमेकांत हातभर जागा सोडून बसायचं. मेलेला उंदीर दिसला तर हात लावायचा नाही, ओरडायचं. पोरांना हा शेवटचा नेम फार आवडला. पहिल्याच दिवशी तिघं चौघं उगाच ओरडली.

तात्याबा आपल्या धाकट्याला बोटाला धरून घेऊन आला. जागा उरली होती ती खांबाजवळची. पोरगं तिथं गेलं आणि उभंच राहिलं. बापाकडं बघायला लागलं. तात्याबा बाहेर अंगणात, त्याचाही पाय उचलत नव्हता.

मुक्तामाय दारातून म्हणाली, “बस रं, बाबा. लई ऊन पिलीय ही भुई. आता ती कुनाला खात न्हाई.”

पोरगं बसलं. आधी नुसतं टेकलं, मग मांडी घातली.

पुढं गोदेची चौकी उठली. जालन्याच्या गाड्या सुटल्या. एरवी गाडीचं चाक वाजलं की मुक्तामाय हातातलं काम टाकून वेशीपर्यंत जायची, बैलाच्या पुढ्यात उभी राहायची आणि गाडीवानाला उतरायलाही न देता विचारायची, “माझा राध्या दिसला का रं?” यंदा एक गाडी आली, दुसरी आली. ती गेली नाही. नीलम्मा म्हणाली, “चल, इचारून येऊ.” तर म्हणाली, “पोरांचं पानी भरायचंय.” पाणी पोरं आपापलं आणत होती.

वैशाखातल्या एका सकाळी ती ओटा सारवत होती. आत पंतोजी पाढे म्हणवून घेत होते. ओट्याची एक बाजू झाली, दुसरीकडं हात टाकला, तेवढ्यात समोर कुणाची तरी सावली पडली.

धोंडीराम गाडीवान होता. गाडी वेशीतच ठेवून चालत आला होता. काखेत एक लहान गाठोडं. डोईचा रुमाल डोईला नव्हता, हातात होता. चुकून त्याचा एक पाय ओल्या सारवणावर पडला, आणि लक्षात येताच त्यानं तो मागं घेतला.

“मुक्तामाय,” तो म्हणाला.

मुक्तामायनं गाठोड्याकडं बघितलं. वर गुंडाळलेलं घोंगडं तिनंच राध्याला दिलेलं, काठाला लाल दोरा. मग तिनं धोंडीरामकडं बघितलं.

“शाळा बसलीय,” ती म्हणाली.

“माय, राधाकिसन...”

“शाळा बसलीय म्हनलं ना. पोरं उटू दे. मंग सांग.”

धोंडीराम अंगणातल्या सावलीला जाऊन उकिडवा बसला, रुमाल गुडघ्यावर ठेवून. ती उठली, तांब्याभर पाणी आणलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. थेंब सांडला नाही. “लांबनं आलास,” म्हणाली. “पी.”

आत पाढा संपत आला होता. पोरं शेवटच्या ओळीला नेहमीच जोरात ओरडायची, सुटायची घाई. तेरा दाहे तीसाशे झालं आणि घर गप्प झालं. धोंडीराम उठायला लागला. मुक्तामायचे हात शेणात थांबले.

“पुन्हा,” आतून पंतोजी म्हणाले. “पहिल्यापासून. सगळ्यांनी.”

तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. त्या आवाजात खांबाजवळचा एक बारीक आवाज वेगळा कळत होता, दुसऱ्यांच्या अर्धा शब्द मागं.

मुक्तामायनं पाटीतून शेणाचा गोळा घेतला, ओट्यावर उमटलेल्या त्या पावलाशी बसली, आणि घाई न करता त्याच्यावरून हात फिरवायला लागली.